मुलांनी गोगलगाय पाळली आणि घरभर वास सुटला



पहिला दमदार पाऊस होऊन गेला, ओढ्याला पाणी आले, भाताची खाचरे भरली, की शाळेतून घरी येणाऱ्या पोरांच्या दप्तरात वह्यांबरोबर आणखीही काही येऊ लागते. कधी बेडकाचे पिल्लू, कधी खेकडा, तर कधी ओल्या रुमालात गुंडाळलेली गोगलगाय. "गोगलगाय अन् पोटात पाय" ही म्हण मुलांना पाठ असते. ते पोटातले पाय खरोखर कसे चालतात, हे काचेतून बघायला मिळाले तर पोरे तासन् तास हलत नाहीत. त्या वेळी आपल्यालाही बरे वाटते, कारण निदान उन्हात भटकत तरी नाहीत!

पण चार दिवस जातात आणि पडवीत वास सुटतो. मग घरात एकच गिल्ला होतो, "फेका आधी ती घाण बाहेर!"

आमच्या घरी हेच घडले. माझ्या धाकटीने तळ्यावरून तीन गोगलगायी आणल्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या. वर भाताची शिते टाकली, भाकरीचा तुकडा टाकला. चौथ्या दिवशी बरणीजवळ उभे राहवेना. सासूबाई रागावल्या. मी बरणी उचलली, कपड्यांच्या सोड्याने खसाखसा घासली, ताजे पाणी भरले आणि गोगलगायी पुन्हा आत सोडल्या. मनात म्हटले, झाले काम. सकाळी पाहते तो दोन मेलेल्या. पोर रडली नाही, एवढेच म्हणाली, "आई, मी घाण केली होती, पण मारलं तू." ते वाक्य मला लागले. मग शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना विचारले, थोडे वाचले, थोडे चुकत शिकले. तिसरी गोगलगाय जगली. पुढचे वर्षभर ती आमच्या पडवीत होती आणि वास म्हणून आला नाही. ते सगळे आज तुमच्यापुढे मांडते आहे.

आधी गोगलगाय ओळखा

आपल्याकडे मुलांच्या हाती दोन तऱ्हेच्या गोगलगायी लागतात. एक पाण्यातली. तळी, ओढे, भातखाचरे यांत सापडणारी, मोठ्या लिंबाएवढी, गोलसर, हिरवट-तपकिरी शंखाची. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेल्यांना ती 'पायला' या नावाने ठाऊक असते. कोकणातल्या खाचरांत आणि भंडारा-गोंदियाकडच्या तळ्यांत ती असते. तिची खूण म्हणजे शंखाच्या तोंडाला असलेले घट्ट झाकण. हात लावला की ती आत जाते आणि दार लावून घेते.

दुसरी जमिनीवरची, लांबट आणि टोकदार शंखाची, तपकिरी पट्ट्यांची. तिला असे झाकण नसते. हीच ती आफ्रिकन गोगलगाय. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) भागात सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी फस्त केली, हे पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ही जात घरात हौसेने पाळू नका. का, ते शेवटी सांगते. या लेखात जे सांगते ते पाण्यातल्या, आपल्या तळ्यातल्या गोगलगायीबद्दल.

वास येतो तो कशाचा?

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. निरोगी गोगलगायीला वास नसतो. वास येतो तो कुजण्याचा. बरणीत कुजण्यासारखे तीन प्रकार असतात. न खाल्लेले अन्न, गोगलगायीची विष्ठा आणि मेलेली गोगलगाय.

विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. गोठ्यात सकाळी मुताचा जो उग्र दर्प येतो, तोच हा. अमोनिया वाढला की गोगलगाय आजारी पडते. पण निसर्गाने यावर तोड ठेवली आहे. वाळूच्या कणांवर आणि काचेवर डोळ्यांना न दिसणारे उपकारक जंतू वाढतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे आपण पिकाला घालतो त्या नत्राचेच एक रूप. ते थोडे असले तर त्रास देत नाही. हे जंतू चांगले रुजायला चार ते सहा आठवडे लागतात.

आता माझी चूक कळेल. सोड्याने बरणी घासली, तेव्हा ते सगळे जंतू मी धुऊन टाकले आणि सोड्याचा अंशही आत राहिला. दही संपले तरी आपण चमचाभर विरजण मागे ठेवतोच ना? तसेच इथे करायचे. सगळे एकदम कधीही धुवायचे नाही, थोडे जुने पाणी आणि जुनी वाळू मागे ठेवायचीच.

भांडे कसे असावे?

लोणच्याची बरणी नको. तिच्यात मीठ आणि तेल मुरलेले असते आणि मीठ हा गोगलगायीचा वैरी. तोंडही अरुंद असते, त्यामुळे हवा लागत नाही आणि हात आत जात नाही. रुंद तोंडाची काचेची टाकी, नाहीतर साधी प्लॅस्टिकची मोठी टोपली-बादलीही चालते. एका मोठ्या गोगलगायीला निदान १० लिटर पाणी धरावे. २० लिटरच्या टाकीत दोनच ठेवा. मुले म्हणतील आणखी आणू. नाही म्हणा. वासाचे निम्मे कारण गर्दी हेच असते.

तळाला बोटाच्या पेरभर जाडीची नदीची वाळू घाला. आधी ती गढूळ पाणी येणे थांबेपर्यंत धुऊन घ्या. थर जाड करू नका. जाड थराखाली हवा पोहोचत नाही आणि तिथे काळा गाळ धरतो.

भांडे काठोकाठ भरू नका, वर चार बोटे जागा मोकळी ठेवा. आपली पायला मोठी गमतीची आहे. तिला माशासारखा कल्ला आहे आणि हवा घ्यायला फुप्फुसासारखी पिशवीही आहे. ती पाण्याखालून एक नळी वर काढते आणि हवा ओढते. मुलांना हे दाखवा, पोरे टाळ्या पिटतील. वर जागाच नसेल तर तिचा जीव गुदमरेल. ती रात्री चढून बाहेर पडते, म्हणून वर बारीक जाळी टाकून दगड ठेवावा. घट्ट झाकण लावू नये. कोंडलेल्या हवेत वासही कोंडतो.

भांडे सावलीत ठेवा. खिडकीच्या उन्हात पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि कुजणेही झपाट्याने होते. स्वयंपाकघर, पिण्याचा माठ आणि देवघर यांपासून भांडे लांब असावे.

पाणी कोणते घालावे?

विहिरीचे पाणी उत्तम. त्यात चुन्याचा क्षार असला तर शंख मजबूत होतो. मात्र विहिरीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल किंवा नळाचे पाणी असेल, तर ते पसरट बादलीत एक-दोन दिवस उघडे ठेवून मग घाला.

तांब्याच्या हंड्यातले पाणी मात्र नको. तांबे आपल्याला चांगले, पण गोगलगायीला विष. द्राक्षावर किंवा सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारता ना? त्यातले मोरचूद गोगलगायीचा जीव घेते. म्हणून फवारणीची बादली, फवारणीचा मग, औषधाचा डबा यांतले काहीही या कामाला वापरू नका, धुऊनसुद्धा नको.

खायला काय आणि किती?

वासाचे दुसरे मोठे कारण म्हणजे आपली माया. पोरांना वाटते भरपूर घातले की गोगलगाय खूश होईल. भात, भाकरी, चपाती, शिजलेली भाजी यांतले काही घालू नका. ते तासाभरात फुगते आणि दुसऱ्या दिवशी सडते. मीठ-तिखट-तेल तर मुळीच नको.

पालक, माठ, कोबीचे पान, काकडीची चकती, दुधी किंवा दोडक्याची साल चालते. पालेभाजी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून घेतली तर मऊ होते, तळाला बसते आणि खाल्ली जाते. एका गोगलगायीला एका वेळी अंगठ्याच्या नखाएवढे दोन तुकडे पुरे. संध्याकाळी घाला, कारण ती रात्री जास्त हिंडते. सकाळी उरलेले काढा. सलग दोन दिवस उरले तर तिसऱ्या दिवशी उपास. तिचे काही बिघडत नाही. भाजी फवारणी न केलेल्या वाफ्यातलीच घ्या. तळ्यातली पाणवनस्पती घातलीत तर ती तीही खाते.

शंखासाठी चुना लागतो. पण पानाला लावायचा चुना घालू नका, तो पाणी दाहक करतो. अंड्याचे टरफल उकळून, वाळवून, चुरून चिमूटभर घाला. घरात अंडे चालत नसेल तर शिंपल्याचा धुतलेला तुकडा तळाशी ठेवा.

स्वच्छतेचा क्रम

रोज सकाळी दोन मिनिटांचे काम. उरलेले अन्न काढणे आणि गोगलगायी मोजणे. मोजणे महत्त्वाचे. एखादी वाळूत मरून पडली आणि दोन दिवस कळले नाही, तर सगळे पाणी नासते आणि बाकीच्याही जातात.

आठवड्यातून एकदा पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. त्याला एक रबरी नळी घ्या. नळी पाण्याने पूर्ण भरा, दोन्ही टोकांना अंगठे लावा, एक टोक टाकीत तळाशी आणि दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत धरून अंगठे सोडा. पाणी आपसूक वाहते. पिंपातून डिझेल काढतात तसे तोंडाने ओढू नका. हे घाण पाणी तोंडात जाता कामा नये. नळीचे टोक वाळूवरून हळूहळू फिरवले की विष्ठा ओढली जाते आणि वाळू मागे राहते. मग साठवून ठेवलेले, त्याच हवेतले पाणी हळू ओता. पहिला महिनाभर जंतू रुजलेले नसतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलत राहा.

महिन्यातून एकदा काचेवरचा बुळबुळीत थर घोसाळ्याच्या वाळक्या चोथ्याने पुसा. साबण, सोडा, राख, फिनेल काही नको. सगळी काच एकाच दिवशी घासू नका, एका महिन्यात दोन बाजू, पुढच्या महिन्यात दोन. हिरवे शेवाळ दिसले तर घाबरू नका. त्याला वास नसतो आणि गोगलगाय ते खाते. फक्त उजेड जास्त पडतो आहे, एवढे समजा.

वास काय सांगतो?

घरच्या बाईला दुधाच्या वासावरून ते नासायला आले की नाही हे कळते. तसेच इथेही नाक शिकवा.

सडक्या अंड्यासारखा वास आला, तर वाळूखाली काळा गाळ धरला आहे. वाळू काडीने थोडी थोडी हलवून गाळ नळीने ओढा आणि थर पातळ करा.

गोठ्यासारखा उग्र दर्प आला, तर गर्दी झाली आहे किंवा पाणी वेळेवर बदललेले नाही. तीन दिवस रोज पाव हिस्सा पाणी बदला, खाणे बंद ठेवा आणि एखादी गोगलगाय कमी करा.

पाणी दुधाळ झाले आणि आंबूस वास आला, तर अन्न जास्त पडले आहे. दोन दिवस उपास.

सडक्या मासळीसारखा, डोके उठवणारा वास आला, तर गोगलगाय मेली आहे. पण खात्री करून घ्या. पायला पोटातल्या हवेने कधी कधी नुसती तरंगते, कधी झाकण लावून दिवस दिवस पडून राहते. उन्हाळ्यात तळे आटले की ती चिखलात अशीच दार लावून झोपते आणि पावसाने जागी होते. झाकण घट्ट असेल तर जिवंत समजा. झाकण लोंबते आहे, हात लावला तरी अंग आत जात नाही आणि शंख नाकाशी नेताच वास मारतो, तर ती मेलेली. ती खोल पुरा आणि लगेच निम्मे पाणी बदला.

हात, जनावरे आणि शेत

गंमत आपल्या जागी, पण काळजी घ्यायला हवी.

उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताची पिल्ले गोगलगायीच्या अंगात वाढतात. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. तेव्हा गोगलगाय हाताळली, पाणी बदलले की साबणाने हात धुणे हा घरचा नियम असू द्या. पाच वर्षांखालच्या पोरांच्या हाती देऊ नका. शेतातल्या पालेभाजीवरून गोगलगाय फिरते, म्हणून कच्ची खायची भाजी नीट धुऊनच खावी.

दुसरे, जनावरांचे. तळ्यातल्या पाणवनस्पतीबरोबर बारीक गोगलगायीही घरात येतात. काही पातळ शंखाच्या टोकदार, काही जिलबीच्या वेटोळ्यासारख्या चपट्या. गाई-म्हशींच्या यकृतातल्या आणि पोटातल्या पर्णकृमींचा अर्धा जन्म यांच्याच अंगात जातो. रोगी जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात, तिथून पिल्ले गोगलगायीत, पुन्हा बाहेर पडून पाणथळ गवतावर आणि गवतातून जनावराच्या पोटात, असा हा फेरा आहे. यकृताच्या पर्णकृमीने जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली पाणी धरून सूज येते. खाचरात काम करणाऱ्यांच्या पायांना कधी कधी खाज सुटते, तीही अशाच कृमींच्या पिल्लांमुळे. म्हणून वनस्पती आणलीच तर पाने उलटून बघा, बारीक गोगलगायी आणि चिकट अंडी काढून टाका.

टाकीतले घाण पाणी विहीर, ओढा किंवा जनावरांच्या हौदात चुकूनही ओतू नका. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा, फडके कडक उन्हात वाळवा आणि पाणी नारळाच्या किंवा आंब्याच्या बुंध्याला घाला. त्यात नत्र असते, झाड आनंदाने घेईल.

कंटाळा आला तर?

हा सगळ्यांत मोठा प्रश्न. मुलांची हौस सहा महिन्यांची, गोगलगाय मात्र वर्षानुवर्षे जगते. आणि कंटाळलेल्या हौशी माणसाने जगाचे किती नुकसान केले, ते ऐका.

आज आपले सोयाबीन खाणारी आफ्रिकन गोगलगाय मूळ पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि ती तिथल्या एका बागेत सुटली. तिथून ती पसरत गेली. ही जात एका वेळी शे-दोनशे अंडी घालते, वर्षातून अनेकदा घालते आणि प्रत्येक गोगलगाय नरही असते, मादीही असते.

अमेरिकेत १९६६ साली एका मुलाने हवाई बेटांवरून मायामीला अशा तीन गोगलगायी आणल्या. आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तिथे १८,००० गोगलगायी सापडल्या. त्या संपवायला दहा वर्षे आणि दहा लाख डॉलर लागले. आजी काही वाईट नव्हती. घरात घाण नको, जीव मरायलाही नको, एवढेच तिच्या मनात असणार. आपल्या घरातल्या आजीच्या मनात दुसरे काय असते?

भाताचीही अशीच कथा. दक्षिण अमेरिकेतली पायलासारखीच दिसणारी एक गोगलगाय १९८० च्या सुमारास तैवानमध्ये खाण्यासाठी पाळायला आणली. गिऱ्हाईक मिळेना, तशी ती सोडून दिली गेली आणि फिलिपाइन्स, व्हिएतनामपर्यंतची भाताची कोवळी रोपे तिने खाल्ली. ती पाण्याबाहेर काडीला गुलाबी अंड्यांचे घोस चिकटवते. आपली पायला मात्र काठाच्या ओल्या मातीत पांढरी अंडी घालते. खाचरात असे गुलाबी घोस कधी दिसले, तर फोटो काढून ताबडतोब कृषी सहायकाला दाखवा.

म्हणून नियम साधा आहे. शहरातल्या माशांच्या दुकानातून आणलेली गोगलगाय कधीही तळ्या-ओढ्यात सोडायची नाही. आपल्याच तळ्यातून आणलेली, दुसऱ्या कशात न मिसळलेली निरोगी गोगलगाय असेल, तर ती जिथून आणली त्याच तळ्यावर परत न्यायची, आणि तीही मुलाच्याच हाताने.

आमची तिसरी गोगलगाय पुढच्या पावसाळ्यात तळ्यावर परत गेली. धाकटीने तिला काठाच्या उथळ पाण्यात ठेवले. बराच वेळ ती दार लावून बसली. मग हळूच झाकण उघडले, शिंगे बाहेर आली, नळी वर आली आणि ती चिखलात दिसेनाशी झाली. परत येताना पोर म्हणाली, "आई, आता टाकी धुऊ या. या वेळी सोड्याने धुतली तरी चालेल."

तुमच्या घरी यंदा कुणाच्या दप्तरातून गोगलगाय निघाली, तर लगेच फेकू नका आणि लगेच घासायलाही घेऊ नका. रुंद भांडे, थोडे खाणे, थोडे थोडे पाणी आणि रोज दोन मिनिटे, एवढे पोरांकडून करून घ्या. पडवीला वास येणार नाही.